समुद्र न दिसणारी गावं

बोटीवर वाईट बातमी कशी येते, ते मला पाठ होतं. कॅप्टन एरवी इंजिन रूमच्या पायऱ्या उतरत नाही. तो खाली आला, किंवा त्यानं फोन करून वर बोलावलं, की समजायचं, घरी काहीतरी झालंय. बत्तीस वर्षं मी या बोलावण्याची धास्ती घेऊन नोकरी केली. माझ्यासमोर दोघांना ते आलं, मला आलं नाही. चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त होऊन सिंगापूरमधल्या सेम्बावांगच्या घरी परतलो तेव्हा मनात म्हटलं, सुटलो. आणि सात आठवड्यांपूर्वी, एका साध्या मंगळवारी सकाळी, आमच्याच ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, दुसरा घोट घेत असताना फोन वाजला. शेजारच्या मलय बाईंचा. ब्लॉकमधले सगळे त्यांना माकचिक म्हणतात, म्हणजे मावशी, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. "अंकल, यू कम अप फर्स्ट. आंटी सिटिंग ओन्ली... नॉट आन्सरिंग मी." नवव्या मजल्यापर्यंत लिफ्टला किती वेळ लागतो, ते मी त्या दिवसापर्यंत कधी पाहिलं नव्हतं.

शैला, माझी बायको, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी तिच्या लाल प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. भिंतीला टेकून. हातात कपड्यांचे दोन चिमटे होते. धुणं वाळत घालून झालं होतं, बांबूची काठी जागेवर होती, आणि मग ती जरा दम खायला बसली असावी. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले, तिला कळलंही नसेल. काम अर्धं टाकून उठणं तिला आयुष्यात जमलं नाही, आणि जातानाही जमलं नाही. त्या क्षणी मला याचा चक्क राग आला. निम्मे कपडे बादलीत ठेवून मला हाक मारली असती तर काय बिघडलं असतं?

या काठीबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या संसारात तिचं स्थान माझ्यापेक्षा वरचं होतं. इथल्या जुन्या सरकारी फ्लॅट्सना स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर लोखंडी नळ्यांची एक रांग असते. लांब बांबूवर ओले कपडे ओवायचे, चिमटे लावायचे, आणि तो बांबू खिडकीतून बाहेर काढून त्याचं एक टोक नळीत बसवायचं. मग कपडे हवेत तरंगतात, नऊ मजल्यांच्या वर, झेंड्यांसारखे. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. शैलाचा नियम होता : जड कपडे आपल्या बाजूला, हलके लांब. मी निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मोठ्या उत्साहानं म्हणालो, आण इकडे, आयुष्यभर यंत्रं चालवली, बांबू काय चीज आहे. आणि माझी जीन्सची पँट ओवली अगदी टोकाला. बांबू हातातून सुटून कपड्यांसकट सरळ खाली. नशीब, खाली हिरवळीवर कुणी नव्हतं. सरकारी गृहनिर्माण खात्याची लेखी समज आली, आणि शैलानं कायमची कामाची वाटणी करून टाकली. "मशीन तुमचं, काठी माझी." त्यानंतर आठ वर्षांत मी त्या बांबूला हात लावला नाही.

शैला वाईची. कृष्णेच्या घाटावर आई-काकूंबरोबर धुणं धूत वाढलेली. तिथं धुणं म्हणजे गावभरच्या बातम्या, हसणं-खिदळणं, एखादीचं रडणं, सगळं एकत्र. तिचं लग्न झालं ते माझ्याशी, आणि मी लग्नानंतर एकविसाव्या दिवशी बोटीवर गेलो. आधी पुणं, मग कंपनीचं ऑफिस सिंगापूरला म्हणून इथं. मी सहा-आठ महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. आमची मुलगी ऋता लहान असताना मी सुट्टीवर आलो की ती आईला विचारायची, "हे अंकल किती दिवस राहणार?" यावर सगळे हसायचे, मीसुद्धा. आता वाटतं, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. घरी आलो की मी पाहुणा असायचो. पाहुण्याला आवडेल तसं जेवण, पाहुण्याची झोप मोडू नये म्हणून हळू आवाज. आणि पाहुणा गेला की शैला पुन्हा खिडकीपाशी. आमच्या खिडकीतून जोहोरची सामुद्रधुनी दिसते, यार्डात दुरुस्तीला आलेल्या बोटी दिसतात. मी तो फ्लॅट घेताना मोठ्या कौतुकानं म्हणालो होतो, बघ, समुद्र दिसतो! ती काहीच बोलली नव्हती. तिचा होकार असणार, असं मी गृहीत धरलं होतं. मी पुष्कळ काही गृहीत धरलं होतं.

निवृत्तीनंतर तिनं एकदाच, मी विचारल्यावरून, एक इच्छा सांगितली. आमच्या लायब्ररीत फ्रान्सच्या खेड्यांवरचं एक मोठं चित्रांचं पुस्तक होतं. ते ती गेली कित्येक वर्षं घरी आणायची, मुदत संपली की परत करायची, पुन्हा आणायची. नैर्ऋत्येकडच्या दोर्दोन्य नावाच्या नदीचं खोरं. पिवळट दगडाची घरं, दगडी चिपांची छपरं, अक्रोडाच्या बागा, कड्याला बिलगून बसलेली गावं. मी म्हटलं, "एवढं काय आहे यात? पॅरिसला जाऊ की." तिनं एका पानावर बोट ठेवलं. एक अरुंद गल्ली, वर खिडक्या, खिडक्यांत फुलझाडं. "यातल्या एकाही घरातून समुद्र दिसत नाही," ती म्हणाली.

मी इंजिनवाला माणूस. मला मुद्दा समजला नाही, फक्त काम समजलं. मी वही घेतली आणि बोटीच्या प्रवासाचा आराखडा करतात तसा आराखडा केला. गावं म्हणजे बंदरं. बेनाक : आगमन नऊ दहा, प्रस्थान नऊ पन्नास. दोम : आगमन साडेदहा, प्रस्थान सव्वाअकरा. शैलानं ती वही वाचली आणि विचारलं, "चहा कुठाय यात?" मी म्हटलं, चहा गाडीत. तुलूजला उतरलो, भाड्याची गाडी घेतली, रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची सवय नव्हती तरी बेफिकीरपणे चालवली, आणि पहिल्याच सकाळी नऊ आठला बेनाकमध्ये हजर. वेळेच्या दोन मिनिटं आधी! कड्यावर किल्ला, खाली नदी, मधे चढण. मी धापा टाकत वर गेलो, दरवाज्यांच्या बिजागऱ्या पाहिल्या, तटाची जाडी हाताच्या वितीनं मोजली, फोटो काढले, खाली आलो. ती एका दारासमोरच्या दगडी पायरीवर बसून समोरच्या म्हातारीला शेंगा सोलताना बघत होती. तिनं किल्ला पाहिला नाही आणि मी म्हातारी पाहिली नाही. "चल, उशीर होतोय," मी म्हणालो. दोमला तसंच. डोंगरमाथ्यावरचं ते गाव, तटाच्या कडेला उभं राहिलं की खाली सगळं खोरं पसरलेलं, शेतांचे तुकडे, पॉप्लरच्या रांगा, मधून नदीचं वळण. तिथं ती खरंच खुलली होती. कठड्यावर कोपरं टेकून उभी होती, आणि मी मागून घड्याळ दाखवत होतो.

आणि मग माझी कमाल. नदीकाठचं ला रोक-गाजाक, कड्याखाली एका ओळीत बसलेलं देखणं गाव. तिथं जुन्या पद्धतीच्या सपाट लाकडी नावा प्रवाशांना नदीतून फिरवतात. मी शैलाला चकित करायचं म्हणून सिंगापूरहूनच दोन जागा राखून ठेवल्या होत्या. धक्क्यावर पोचल्यावर मी हात पसरून म्हणालो, "बघ!" तिनं बघितलं. नावेकडे, मग माझ्याकडे. बराच वेळ. "अहो... परत बोट?" मी म्हटलं, अगं, ही नदी आहे, समुद्र कुठाय? ती मागं फिरली आणि गाडीत जाऊन बसली. मी त्या नावेत एकटा बसून तासभर फिरून आलो. का? तर आराखड्यात होतं म्हणून. हे लिहिताना आज कान गरम होतात.

परत आलो, गाडी सुरू केली. दोन्ही बाजूंनी अक्रोडाची झाडं, ऊन, मे महिन्याची कोवळी पानं. शैला समोर बघत, आवाज न चढवता बोलली. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तितक्या साधेपणानं. "आपण परत गेलो की मी वाईला जाईन म्हणते. दादाकडे. कायमची. तुम्ही आता घरी आहात, घर सांभाळाल. भांडण नाहीये माझं काही. पण तीस वर्षं वाट बघायची सवय लागली आणि आता तुम्ही आलात तर तुमच्याशी काय बोलायचं तेच मला कळत नाही." मी गाडी चालवत राहिलो. इंजिनात बिघाड झाला की पहिला प्रश्न असतो, कधीपासून? तो मला विचारता आला नाही, कारण उत्तर माहीत होतं. लग्नानंतरच्या एकविसाव्या दिवसापासून.

त्या गडबडीत मी वळण चुकलो. वहीत नसलेल्या एका रस्त्यानं, वहीत नसलेल्या एका गावात आम्ही पोचलो. तीस-चाळीस घरं, एक चर्च, दुकान एकही नाही. नकाशा बघायला मी गाडी गावाच्या खालच्या टोकाला उभी केली. तिथं लाकडी खांबांवर दगडी चिपांचं छप्पर होतं आणि छपराखाली लांबट दगडी हौद. चारी बाजूंनी आत उतरणारे गुळगुळीत दगड. एका तोंडातून झऱ्याचं पाणी अखंड पडत होतं. पूर्वी गावातल्या बायका इथं गुडघ्यांवर बसून कपडे धूत. आता कुणी धूत नाही, पण गावानं हौद राखलाय. मी गाडीतून उतरलो, खरं सांगायचं तर शैलाशेजारी बसवत नव्हतं म्हणून. आणि पाहतो तर हौदाचा सांडवा पानांनी तुंबलेला, पाणी काठावरून रस्त्यावर वाहतंय, आत शेवाळ, आणि तळाशी एक जुनं लाकडी बूच. आता, जगातल्या कुठल्याही मरीन इंजिनिअरला असं काही दाखवा आणि हात मागं बांधून उभं राहायला सांगा. नाही जमणार. बूच जरा सैल करू, पाणी थोडं उतरलं की कचरा काढू, पुन्हा बसवू. पाच मिनिटांचं काम. मी बूट काढले, पँट वर केली, आत उतरलो, बूच पकडलं आणि पिरगाळलं. ते कुजलेलं होतं. अर्धं माझ्या हातात आलं आणि उरलेलं अर्धं पाण्याबरोबर खालच्या पन्हळीतून निघून गेलं.

सगळा हौद रिकामा व्हायला किती वेळ लागणार? पाणी धो धो करत पन्हळीतून बाहेर पडलं आणि खालच्या बाजूला होती कुणाची तरी भाजीची बाग. लेट्यूसच्या व्यवस्थित रांगा. त्या रांगांतून पाणी घुसलं तशी घराचं दार उघडून, सपाता आणि एप्रन घातलेली, सत्तरीची एक ठेंगणी बाई बाहेर आली. तिच्या हातात झाडू होता. ती फ्रेंचमध्ये जे बोलली त्यातला एक शब्द मला कळला नाही, पण बोटीवर मी अनेक देशांच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, त्यामुळे आशय पोचला. मी पोटरीभर चिखलात, हातात अर्धं बूच घेऊन "सॉरी, सॉरी" म्हणत उभा. आणि तेवढ्यात मागून आवाज आला... शैलाचं हसणं. गाडीचं दार उघडून ती आली होती आणि खांबाला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिचं असं हसणं मी त्याआधी कधी ऐकलं होतं, ते मला आठवेना. मग तिनं ओढणी कमरेला खोचली, सलवार वर केली, त्या बाईपाशी गेली आणि सरळ मराठीत म्हणाली, "बाई, झालं ते झालं. द्या तो झाडू इकडे." झाडू घेतला आणि हौदात उतरली. "तुम्ही बाजूला व्हा. पानं गोळा करा. आणि ओरडल्यासारखं सॉरी म्हणू नका, बहिरी नाहीये ती."

ती बाई म्हणजे मादाम ओदेत. तिनं क्षणभर शैलाकडे पाहिलं, एप्रनच्या खिशात सपाता कोंबल्या आणि तीही आत उतरली. अख्खी दुपार आम्ही तो हौद घासला. गावातल्या आणखी दोन-तीन बायका ब्रश घेऊन आल्या. शैला मराठीत बोलत होती, त्या फ्रेंचमध्ये, आणि कामापुरतं सगळं सगळ्यांना कळत होतं. उतरत्या दगडावर बसून कपडा कसा आपटायचा, हे शैलानं त्यांना करून दाखवलं. त्यांनी लाकडी थापीनं कसा बडवायचा ते हिला दाखवलं. मधेच ती कपाळावरचे केस मनगटानं मागं सारत मला म्हणाली, "अगदी आमच्या घाटासारखं आहे हो हे." वाईचा घाट मी लग्नात पाहिला होता, फोटो काढण्यापुरता. मी अक्रोडाच्या एका जाड फांदीचा तुकडा तासून नवं बूच केलं. ते घट्ट बसावं म्हणून कापड गुंडाळायला हवं होतं, इंजिनात पॅकिंग घालतो तसं. शैलानं काही न विचारता आपल्या हिरव्या ओढणीची कड टर्रकन फाडून दिली. मी ती गुंडाळली, तिनं वरून दाबून धरलं, मी ठोकलं. पाणी भरायला लागलं. आणि माझ्या लक्षात आलं, लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

संध्याकाळी ओदेतच्या घरी अक्रोडाचा केक आणि चहा झाला. आराखड्यात नसलेला. मुक्कामाला जाताना मी धीर करून विचारलं, "मग... वाईचं काय?" शैला खिडकीतून बाहेर बघत होती. "आधी ते तुमचं बूच टिकतंय का ते कळू दे," ती म्हणाली. "पुढच्या मेमध्ये येऊन बघायला लागेल." एवढंच. मला एका वर्षाची मुदतवाढ मिळाली होती. ती वही मी त्याच रात्री मुक्कामाच्या खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

बूच टिकलं. पुढच्या वर्षी आम्ही पाणी सोडलं, हौद घासला, नवं पॅकिंग म्हणून त्याच ओढणीची आणखी एक पट्टी फाडली. त्या वर्षापासून गावात हौद-सफाईचा दिवसच ठरला, आम्ही येऊ त्या आठवड्यातला शनिवार. बूच काढायचा मान माझा, कारण गुन्हा माझा. मी यार्डाजवळच्या दुकानातून आमच्यासाठी दोन बॉयलर सूट घेतले. इंजिन रूममध्ये घालतात तो जाड निळ्या कापडाचा, गळ्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध पोशाख. माझा मोठा, तिचा सर्वात लहान मापाचा, तरी बाह्या दुमडाव्या लागायच्या. निळ्या सुटातली, डोक्याला रुमाल बांधलेली शैला हौदात उतरली की ओदेत तिला खलाशांचा सलाम ठोकायची. आणि दर वर्षी परतताना मी विचारायचो, "वाई?" आणि ती म्हणायची, "बघू पुढच्या वर्षी."

शैलानं मला गावं बघायला शिकवलं. तिची पद्धत ठरलेली. आधी गावात पाणी कुठून येतं ते शोधायचं आणि धुण्याची जागा पाहायची. मग पाव भाजायची सामायिक भट्टी, ती असतेच कुठेतरी चर्चच्या मागं. मग म्हातारे कुठे बसतात ते बघून त्यांच्यापासून जरा अंतर ठेवून बसायचं, चांगलं अर्धा तास. किल्ला शेवटी, पाय दुखत नसतील तर. सुरुवातीला माझी चुळबुळ व्हायची. ती म्हणायची, "तुम्हाला कुठली बोट पकडायचीय?" हळूहळू मला दिसायला लागलं. पहाटे नदीवरून उठून खोऱ्यात भरणारं धुकं, आणि मग त्यातून वर येणारे चर्चचे मनोरे. दाराच्या उंबऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पाय पडून आलेली झीज. सार्लाच्या शनिवारच्या बाजारात ती लसणाच्या माळा हातात घेऊन वजन जोखायची आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये विक्रेत्याला नावं ठेवायची, तोही खूश. एका वर्षी ऋता आमच्याबरोबर आली. आम्ही दोघं एका हौदाच्या काठी तासभर नुसतेच बसलेले पाहून तिनं डोकं धरलं. इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, पीपल कम टू फ्रान्स टू सी पॅरिस, लाह. यू टू कम टू सी ड्रेनेज!" पण जाताना विमानतळावर तिनं आईला हळूच विचारलं, "आई, बाबा आता राहणार ना?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. शैला म्हणाली, "राहतील. जरा रुळलेत आता."

मधली दोन वर्षं जग बंद होतं, आम्हीही. नवव्या मजल्यावर दोघंच. त्या दिवसांची मला खरी भीती होती. हौद नाही, ओदेत नाही, आता बोलायचं काय? पण आम्ही बोललो. रोज दुपारी चहा घेऊन खिडकीपाशी. मी तिला बोटीवरच्या गोष्टी सांगितल्या, ज्या मी आयुष्यभर पत्रात लिहिल्या नव्हत्या, कारण पत्रात मी फक्त तब्येत बरी आहे एवढंच लिहायचो. तिनं मला सांगितलं की ऋताला लहानपणी एकदा ताप आला होता आणि ती एकटी पाऊण तास टॅक्सीसाठी उभी होती... आणि घरी आल्यावर तिनं मला पत्रात लिहिलं होतं, सगळं ठीक. दोघांनीही बरीच वर्षं एकमेकांना सगळं ठीक म्हणून कळवलं होतं. ओदेतनं त्या मेमध्ये हौदाचा फोटो पाठवला, काठोकाठ भरलेला, खाली फोननं भाषांतर केलेलं एक वाक्य. बूच तुमची वाट बघतंय. शैलानं तो फोटो फ्रीजवर लावला. त्या वर्षी मी "वाई?" असं विचारलं नाही. तिनंच विषय काढला. "विचारलं नाहीत यंदा?" मी म्हटलं, भीती वाटते. ती हसली आणि माझ्या कपात चहा ओतला. "नका विचारू आता," म्हणाली.

लोक भेटायला येतात, म्हणतात, निवृत्तीनंतर जरा सुखाचे दिवस आले आणि असं झालं. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, ज्या माणसाला त्या रस्त्यावर, अक्रोडाच्या झाडांमधे, सगळं संपल्याचं सांगण्यात आलं होतं, त्याला वरून आठ वर्षं मिळाली. एका कुजलेल्या बुचामुळं. आणि एका बाईनं गाडीत बसून न राहता खाली उतरून हसायचं ठरवलं म्हणून. मी तिचा ऋणी आहे, आणि हे तिला तोंडावर एकदाच सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, "असू दे. ब्रश धुऊन ठेवा."

यंदाची तिकिटं आम्ही मार्चमध्ये, ती गेली त्याच्या दोन दिवस आधी काढली होती. दहा दिवसांनी निघायचं आहे. गेल्या आठवड्यात ऋता पुंगोलच्या तिच्या घरून आली, तिनं विचारलं, "बाबा, शॅल आय कॅन्सल?" मी तिच्यासाठी चहा टाकायला उठलो. मी ओदेतला फक्त शैला गेल्याचं कळवलं होतं, येण्या-न येण्याबद्दल नाही. दुसऱ्या दिवशी ओदेतचा निरोप आला. ती आता ऐंशीच्या घरात आहे, वाकली आहे. फोननं केलेल्या भाषांतरात वाक्यं जरा वेडीवाकडी होती, पण कळत होती. शनिवार ठरलेला आहे. शैलाचा ब्रश खांबावरच्या खिळ्याला तसाच आहे, कुणी काढलेला नाही. आम्ही पाणी सोडलेलं नाही, बूच तुमच्याशिवाय कुणी काढणार नाही. आला नाहीत तर हौद यंदा तसाच राहील.

मी बॅग काढली. आणि मग ती दुसरी पिशवी आठवली. त्या मंगळवारी, शैलाला नेल्यानंतर, माकचिकनं आमच्या खिडकीतली काठी आत घेतली होती, त्यावरचे कपडे घरी नेऊन घड्या करून तिसऱ्या दिवशी पिशवीत आणून दिले होते. मी ती पिशवी कपाटात ठेवली होती, न उघडता. सात आठवडे. परवा सकाळी उघडली. मला वाटलं होतं, चादरी असतील, माझे शर्ट असतील. वर तसंच होतं. खाली दोन बॉयलर सूट होते. मोठा आणि लहान, एकात एक घडी घालून ठेवलेले. तिकिटं निघाल्याबरोबर तिनं ते कपाटातून काढून धुतले होते. इथल्या दमट हवेत कपाटात बुरशी धरते, हे तिचं कायमचं म्हणणं. ती मला म्हणालीही नव्हती. तिच्या शेवटच्या काठीवर आमच्या दोघांच्या प्रवासाची तयारी वाळत होती, आणि मी खाली कोपी पीत होतो.

बंद पिशवीत राहून सुटांना कुबट वास आला होता. असे कसे न्यायचे? मशीनमध्ये घातले. मशीन माझं. मग बांबू काढला. माकचिकनं तिच्या खिडकीतून पाहिलं आणि ओरडली, "अंकल, केअरफुल हां! हेवी वन युवर साइड!" शैलानं तिलाही तेच शिकवलं होतं की तिनं शैलाला, कोण जाणे. मोठा सूट माझ्या बाजूला ओवला, लहान टोकाकडे. चिमटे लावले. बांबू हळूहळू बाहेर काढला आणि टोक नळीत बसवलं. बसलं. समोर सामुद्रधुनी होती, यार्डात एक बोट उभी होती, आणि त्यांच्या आड दोन निळे सूट. ऋताला फोन करून सांगितलं, माझं तिकीट ठेव.

दुपारपर्यंत तिचा सूट वाळला. लहान मापाचा आहे, लवकर वाळतो. मी हात लावून पाहिलं, काढून घ्यावा असं मनात आलं. पण माझा अजून ओला होता. मग स्टूल ओढून तिथंच बसलो, आणि माझा वाळेपर्यंत तिचा तिथंच राहू दिला.